उधाणाची सुट्टी

मांदाड, ता. तळा
२६ नोव्हेंबर २०२५

श्री. सदाकाका यांस,

मायन्यापाशीच अडले. बाबांचे जिवलग म्हणून तुम्हाला 'तीर्थस्वरूप' लिहायला हवं. पण जुलैत कारखान्याची मालकीण म्हणून मी ज्या कागदावर सही करून तुम्हाला घरी बसवलं, त्यावर नुसतं 'श्री.' होतं. आता एकदम पदवी वाढवली तर तुम्ही हसाल, म्हणून तेच ठेवते.

रचनावहिनी, हे पत्र तुम्हीच मामंजींना वाचून दाखवाल ना? माझा फोन आला की ते उठून पडवीत जातात, असं तुम्ही म्हणालात. तुम्ही समोर बसून वाचाल तेवढा वेळ तरी बसतील.

काका, तुमचं राहिलेलं सामान मुरूडच्या एसटीने पाठवतेय. पितळी तांब्या, चष्म्याचं घर आणि खुंटीवरची टोपी. जुन्या होडीचं वल्हं कापून तुम्ही जे ढवळणं केलं होतंत ते मात्र ठेवून घेतलंय, कारण दुसऱ्या कशानेच राळेची हांडी ढवळता येत नाही. मी स्टीलचं करून आणलं होतं, त्याला कामावरची भागुबाई हात लावायला तयार नाही.

एक बारीकशी शंका होती. राळेचं दूध मधूनच फाटतंय. (वहिनी, तुम्हाला कळावं म्हणून सांगते: राळ सोड्याच्या पाण्यात शिजवली की दुधासारखी होते. ती तुरटीबरोबर पेंढ्याच्या लगद्यात घातली की मासळीच्या खोक्याला पाणी लागत नाही. ती फाटली तर खोका म्हणजे नुसता पेंढा.) एखाद्या दिवशी दूध छान येतं, एखाद्या दिवशी चोथा आणि पाणी वेगळं होतं. राळ तीच, सोडा तोच, माणसं तीच. नव्या राळेचा दोष असावा असं मला वाटतं. तुमच्या काही लक्षात येत असेल तर वहिनींकडून दोन ओळी कळवा. घाई नाही.

बाकी इकडे सगळं उत्तम चाललंय.

मृणाली

—

मांदाड
६ डिसेंबर २०२५

सदाकाका,

उत्तर नाही आलं. सामान मिळाल्याचं वहिनींनी कळवलं, ते पोचलं.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. उत्तम वगैरे काही चाललेलं नाही आणि घाई आहे. नोव्हेंबरात गेलेली खोकी समुद्रावर विरघळली. तीन बोटींवर. बर्फाचं पाणी सुटलं, बूड मऊ पडलं आणि सगळी पापलेटं खणात लगद्यात कालवली गेली. तिघेही बोटवाले तुमच्या ओळखीचे. पहिली तीन वर्षं एकही खोका परत आला नव्हता.

मी काय काय करून पाहिलं ते सांगते. राळ बदलली. तुरटी बदलली. पेंढा माणगावहून यायचा, तो तळ्याचा आणला. माझी चाळीस पानांची प्रक्रिया-पुस्तिका आहे ना, जिच्यासाठी मी तुमच्या मागे चार महिने वही घेऊन फिरत होते, ती तीनदा ओळीने तपासली. त्यात सगळं आहे. राळ किती, आच किती, वल्हं कुठल्या बाजूने फिरवायचं तेसुद्धा. 'पाणी – बाराशे लिटर.' एकही माप चुकलेलं नाही, आणि तरीही कितीतरी दिवस चांगला माल निघतो आणि मधेच माती होते. लोणेऱ्याला चार वर्षं इंजिनीअरिंग शिकून मी आता हांडीला हात जोडायला लागलेय.

जुलैबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुढे जाणार नाही, हे मला कळतं. तेव्हा ते हरित उद्योग योजनेचे पाहुणे आले होते. त्यांनी हजेरीचा तक्ता पाहिला आणि विचारलं, महिन्यात आठ दिवस हांडी बंद का? अमावास्या आणि पुढचे तीन दिवस, पौर्णिमा आणि पुढचे तीन दिवस. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "उधाणाला हांडी चढवत न्हाय." त्यांनी कारण विचारलं. तुम्ही म्हणालात, "पानी उधाणाचं असतं." ते हसले. आणि मी त्यांच्याहून मोठ्याने हसले, म्हणजे त्यांना कळावं की मी तुमच्यातली नाही. दुसऱ्या दिवशी उधाणाची सुट्टी रद्द केल्याची नोटीस लावली. तुम्ही पौर्णिमेला हांडीजवळ गेला नाहीत, आणि मी आज्ञाभंगाचं पत्र टाईप केलं.

आणि काका, त्यानंतर चार महिने रोज हांडी चढली आणि एकदाही दूध फाटलं नाही. मी त्या पाहुण्यांना तसं लिहूनही कळवलं. मग आता काय झालं?

दोन दिवस या. गाडी पाठवते. हांडीजवळ नुसते उभे राहा, काही करू नका. माझं डोकं चालत नाही.

मृणाली

—

मांदाड
१३ डिसेंबर २०२५

काका,

कळलं. मला सगळं कळलं, आणि आता तोंड कुठे लपवू ते कळत नाही.

काल दुपारी मी फाटलेल्या मालाच्या तारखा भिंतीवर लिहीत होते. भागुबाई केर काढत होती. केरसुणी टेकवून ती तारखा वाचत राहिली आणि म्हणाली, "म्याडम, हे आमचे घरच्या पान्याचे दिस." मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणाली, त्या दिवसांत आपल्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, त्यात चहा टाकला की दूध नासतं, म्हणून बाविसाच्या बावीस बायका चहाचं पाणी घरून आणतात. पाऊस असेपर्यंत विहीर गोड असते, दिवाळी झाली की उधाणाला खाडी आत चढते. हे तिने असं सांगितलं, जसं आज मंगळवार आहे असं सांगावं.

मी तिला विचारलं, मग मला कुणी सांगितलं का नाही?

ती म्हणाली, "सदाभाऊनं सांगितलं व्हतं. त्याचं काय झालं ते आमी बगितलं."

मग तिने माझ्या टेबलावरच्या विकतच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं आणि पुन्हा केर काढायला लागली. तीन वर्षांत मी त्या विहिरीचं पाणी एकदाही प्यायले नाही. माझ्या पुस्तिकेत राळेची जात आहे, तुरटीचा कारखाना आहे, आणि पाण्यापुढे नुसतं 'पाणी'.

खाऱ्या पाण्यात राळेचं दूध फाटणारच. हे पुस्तकात असतं, मी परीक्षेत लिहिलेलं आहे. तू पुस्तक न वाचता ते आठ दिवसांच्या सुट्टीत घालून ठेवलं होतंस, आणि मी ती सुट्टी पुसून टाकली.

तुला 'तू' म्हटलं. लहानपणी म्हणायचे, मग खुर्चीत बसले आणि 'तुम्ही' झालास. आता मला जमत नाही ते.

मला तुझा रागही आलाय, खोटं कशाला बोलू? 'पानी उधाणाचं असतं' एवढ्यावर का थांबलास? एक तांब्या भरून माझ्या पुढ्यात आपटायचा होतास. 'पोरी, हे पी' म्हणायचं होतंस. पण मी तो प्यायले असते का, हे मला आज सांगता येत नाही.

काल आणि आज भांग आहे, भरतीला जोर नाही, खाडी खाली आहे. हांडी चढवली, दूध एकसारखं आलं. पण आता नुसत्या चांगल्या मालाने भागणार नाही. तुमच्या मच्छीमार सोसायटीने काशीदला अठ्ठावीस तारखेला, रविवारी सभा बोलावली आहे. आपली पेंढ्याची खोकी ठेवायची की पुन्हा थर्माकोल घ्यायचा, यावर. सोसायटी गेली तर कारखाना संक्रांतही बघणार नाही. बावीस बायका घरी बसतील. बाबांनी शेवटच्या दिवसांत दुसरं काही मागितलं नव्हतं, एवढंच म्हणाले होते की हांडी विझू देऊ नको.

त्या सभेत माझा शब्द कोण ऐकेल? बोटवाल्यांनी पहिला खोका घेतला तो माझं सर्टिफिकेट बघून नाही, तुझ्याकडे बघून. तू फक्त उभा राहा आणि म्हण, चूक पाण्याची होती, आता होणार नाही. एक वाक्य. मी तुझ्या पाया पडते.

मृणाली

—

मांदाड
१९ डिसेंबर २०२५

काका,

काल निकेश आला होता, तुझा मुलगा. आत बसला नाही. अंगणात एक खोका टाकला, बूड गळालेला. त्याच्या कडेवर गेरूचा लाल अंगठा होता. म्हणाला, "ह्यो माज्या बापाचा अंगठा हाय का न्हाय, तेवढं सांग."



रचनावहिनी, पुढचं मोठ्याने वाचा. कुठे थांबू नका आणि माझ्यावर दया येऊन काही गाळू नका.

काका, तू स्वतः शिजवलेल्या मालावर, रात्रभर पाणी भरून तपासल्यावर, गेरूत अंगठा बुडवून उठवायचास. पटलं नाही तर उठवायचा नाहीस, मग बाबा कितीही रागावोत. बंदरावर लोक खोका उलटा करून आधी अंगठा बघायचे. तू गेल्यावर पहिला माल निघाला, तेव्हा माणगावच्या व्यापाऱ्याने विचारलं, अंगठा कुठाय? मी म्हटलं, उद्या मिळेल. जुन्या खोक्यावरच्या तुझ्या अंगठ्याचा फोटो काढला आणि त्याचा रबरी शिक्का करून आणला. ऑगस्टपासून प्रत्येक खोक्यावर तोच आहे. चांगल्यावरही आणि फाटलेल्यावरही.

एवढ्यावर थांबले नाही. त्या हरित योजनेच्या अर्जात एक रकाना होता, कंपनीची अमूर्त मालमत्ता. म्हणजे यंत्रं, जमीन सोडून जे हाताला लागत नाही पण ज्यावर धंदा उभा असतो ते. मी तिथे लिहिलं: पेटंटचा अर्ज, प्रक्रिया-पुस्तिका, आणि लाल अंगठ्याचं व्यापारचिन्ह. तुझ्या अंगठ्याच्या नोंदणीसाठी मी कंपनीच्या नावाने अर्ज केला आहे. तुला काढल्यावर तीन आठवड्यांनी. तुझं नाव त्या अर्जात कुठेच नाही.

हे मी तीन पत्रांत लपवलं. तू सभेत उभा राहा म्हणून पाया पडले तेव्हाही लपवलं.

निकेशकडून बाकीचं कळलं. तो ज्या बोटीवर जातो तिच्यावरचीही मासळी गेली, आणि त्याने घरी येऊन तुला विचारलं की पैशासाठी अंगठा विकलास का. तू उठून पडवीत गेलास. तेव्हापासून दोघं एका घरात बोलत नाही आहात. तू बंदरावर जायचा बंद झालास. लोक म्हणतात, सदाने कोळ्यांना बुडवलं. चाळीस वर्षं नाखवा होतास, तुझ्या शब्दावर लोकांनी बोटी लोटल्या, आणि मी तीस रुपयांच्या रबराने ते सगळं पुसलं. मला वाटत होतं तू माझ्यावर रागावून पडवीत जातोस. तू तोंड लपवायला जात होतास, जे मी लपवायला हवं होतं.

निकेशला मी खरं सांगितलं. तिथेच, अंगणात, बायकांसमोर. त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो खोका तिथेच सोडून गेला. तुझ्याशी बोलला का? मला कळवू नकोस, पण बोललेला असू दे.

सभेला येऊ नकोस. तुला बोलावण्याचा मला हक्क नाही.

मृणाली

—

मांदाड
२९ डिसेंबर २०२५

काका,

वहिनी शेवटच्या रांगेत होत्या, तेव्हा तुला कळलंच असेल. तरी मी सांगते, माझ्या तोंडून.

सभेत मी नुसतं पाण्याचं सांगितलं असतं तर कदाचित निभावलं असतं. अध्यक्ष तसे मवाळ होते, म्हणाले, नव्या धंद्यात चुका होतात. तोंडाशी आलेलं होतं. पण मग सगळ्यांच्या मनात तूच दोषी राहिला असतास. म्हणून मी शिक्का पर्समधून काढला आणि टेबलावर ठेवला. म्हटलं, ऑगस्टपासूनचा एकही अंगठा सदाकाकांचा नाही. त्यांना मी जुलैतच काढलं होतं, कारण ते उधाणाला हांडी चढवत नव्हते, आणि त्यांचं बरोबर होतं.

एक म्हातारा तांडेल उठला, शिक्का हातात घेतला, स्वतःच्या अंगठ्याशी लावून बघितला आणि परत ठेवला. मग हात वर झाले. थर्माकोल. माझ्या बाजूने चार हात होते, त्यात निकेशचा नव्हता, आणि ते योग्यच आहे.

परत येताना काशीदच्या किनाऱ्यावर थांबले. तुला आठवत असेल, बाबा आधी थर्माकोलच्या खोक्यांचाच ट्रक चालवायचे. वादळानंतर एकदा ही सगळी वाळू पांढऱ्या तुकड्यांनी भरली होती आणि तू बाबांना म्हणालास, "जीवन, तुजंच हाय, उचल." दोघं दुपारपर्यंत उचलत होतात. मी आठ वर्षांची होते, मला तो खेळ वाटला. पुढे कितीतरी वर्षांनी तू बोटीला लावायची राळ बाबांना दाखवलीस आणि तिथून सगळं सुरू झालं. आता जानेवारीपासून तेच पांढरे तुकडे पुन्हा येतील, आणि ते माझे असतील.

आज तीन गोष्टी केल्या. शिक्का चुलीत टाकला, त्याचा घाण वास अजून कपड्यांना आहे. अंगठ्याच्या नोंदणीचा अर्ज मागे घेतला. आणि बायकांना सांगितलं की पंधरा जानेवारीपर्यंतच काम आहे. भागुबाईने मला विहिरीच्या पाण्याचा चहा दिला. भांग आहे, गोड होता. मी अर्धा कप तसाच ठेवला.

सोबत एक खोका पाठवतेय. काल सभेला निघायच्या आधी पहाटे मी स्वतः शिजवलेल्या राळेचा. कुणाची मदत घेतली नाही, पुस्तिकाही उघडली नाही. त्यावर कसलाही ठसा नाही. जमलं तर बर्फ आणि पाणी भरून ठेव. गळला तर चुलीत घाल. यातून मला काही मिळवायचं नाही, मिळवण्यासारखं काही उरलेलंही नाही. फक्त एका तरी खोक्याला तुझा हात लागावा, एवढंच.

तुझी
मृणाली

—

काशीद
५ जानेवारी २०२६

मृणालीस,

मी रचना. मामंजी सांगतात तसंच लिहिते, माझं काही घालत नाही. एवढंच माझं, की तुमची सगळी पत्रं मी मोठ्याने वाचली. चौथं वाचलं तेव्हा निकेश दारात उभा होता. त्याने ते पुन्हा वाचायला लावलं, आणि मग बापाशेजारी जाऊन बसला. पुढचं मामंजींचं.

खोका बेस्तरवारी भरला. बरफ आनि पानी. दोन दिस कायपन झालं न्हाय. तिसऱ्या दिशी सकाळी बूड दाबलं तर आंगठा रुतला. राळ घाईत उतरवलीस. सभेला जायची घाई व्हती तुला, ती बुडात दिसते. खोका परत पाठवतो, रुतलेली जागा बग. गेरू लावलेला न्हाय. लावन्यासारखा न्हाय तो.

तू इचारलंस, तांब्या पुड्यात का न्हाय आपटला. उधाणाला हांडी का न्हाय चढवायची ते मला ठावच नव्हतं. माजा बाप उधाणाला राळ शिजवत नव्हता, म्हनून मी न्हाय. च्या नासतो ते बायांना ठाव व्हतं, मला न्हाय, मी च्या पीत न्हाय. मी बी कंदी त्यांना इचारलं न्हाय. तेवडी चूक माजी.

सोसायटी पुन्ना घेईल का ते मी सांगू शकत न्हाय. कोनाला सांगायला बी जानार न्हाय. खोका टिकला तर टिकला.

शनिवारी अष्टमी हाय. सकाळची एसटी धरतो. निकेश म्हनतो मी बी येतो, बगू. हांडी घासून ठेव. वल्हं रातभर पान्यात बुडवून ठेव. मी येईस्तोवर राळ चढवू नको.

बायांना घरून पानी आनू नका म्हनून सांग. च्या हिरीच्या पान्याचा कर. मला बी दे, आनि तू बी तोच पी.

सदा